दरवाज्यावरचे रघोजीराव

३ जानेवारी १९६२, बुधवार

नव्या वर्षाची नवी वही. आमच्या घरात देवनागरी वाचणारा मी एकटाच. मुलं तमिळ आणि इंग्रजी शिकून आपापल्या नोकऱ्यांवर गेली, आणि माझी पत्नी चंद्रमती हिला वाण्याची चिठ्ठी वाचण्यापुरतं तमिळ येतं. त्यामुळे ही वही ओसरीवर उघडी पडली तरी चालते. मनातलं मोकळेपणी लिहायला हरकत नाही.

आज सुंदरांबा छत्रमच्या दरवाज्यावर पाडकामाची नोटीस लागली. ओरत्तनाडूच्या अलीकडे, रस्त्याला लागून हे छत्रम आहे. रामेश्वरला पायी जाणाऱ्यांना फुकट जेवण आणि पाठ टेकायला जागा मिळावी म्हणून इकडच्या तमिळ मुलखातल्या मराठ्यांच्या राज्यात बांधलेलं. आता पायी कोण जातं? आत लोक भाताची पोती ठेवतात. दरवाजा तेवढा ऐटीत उभा होता, तर तो रुंद होणाऱ्या रस्त्याच्या मध्ये येतो म्हणे.

तडक रस्तेखात्याच्या साहेबांकडे गेलो. गोपालकृष्णन नाव, माणूस वाईट नाही. म्हणाले, "मार्चमध्ये मी स्वतः येईन. तोवर दरवाजा धड झाला असेल, आणि त्याची कायमची जबाबदारी घ्यायला कोणी माझ्यासमोर नाव सांगून उभा राहिला, तर रस्ता जरा वळवू. नाहीतर माझे मजूर पहारी घेऊनच येतील."

मी उभा राहणार नाही तर कोण? कमानीवर चुन्यात घडवलेली जी आकृती आहे, ते आमचे खापरपणजोबा, सरदार रघोजीराव. हायस्कुलात आयुष्यभर चित्रकला शिकवली आणि प्रत्येक वर्गाला हे सांगितलं. मुलं पाठीमागे मला 'सेनापती सार' म्हणत. मला ऐकू येत नाही असं त्यांना वाटे. मी तसं वाटू देत असे.

७ जानेवारी, रविवार

आज आमच्या ओसरीवर जीर्णोद्धार मंडळाची स्थापना झाली आणि लगेच भांडणही झालं.

अडचण अशी, की आकृतीवर शंभर वर्षांची सफेदी बसली आहे. नाक नाही, डोळे नाहीत, नुसता लोण्याचा गोळा. उजव्या हातात मात्र उभं धरलेलं लांब काहीतरी आहे. ती तलवार आहे हे उघड आहे. टोकाशी जरा फुगीर दिसते, पण जुन्या तलवारी तशा असत. वकील हनुमंतराव म्हणाले, हा राजदंड, आणि धरणारे त्यांचे पूर्वज सरसुभेदार. वीणा शिकवणारे चिदंबरराव म्हणाले, हा वीणेचा दांडा, फुगीर भाग म्हणजे भोपळा, आणि धरणारे त्यांचे पूर्वज दरबारी कलावंत. एरवी हे दोघे आपल्या घराचं कौलसुद्धा बदलत नाहीत, पण आयता पूर्वज मिळतोय म्हटल्यावर धावले.

शेवटी ठरलं, की सफेदी खरवडून पाहायची. ज्याचा पूर्वज निघेल, त्या घराण्याने दरवाज्याची जबाबदारी घ्यायची आणि दगडावर नाव कोरायचं. तिघांनीही आनंदाने मान डोलावली. मला त्या दोघांची कीव आली.

चंद्रमती कॉफी घेऊन आली आणि म्हणाली, "अहो, सासूबाई सांगत होत्या, त्या दरवाज्यावर जे आहेत ते..." मी म्हटलं, सभा चालू असताना घरगुती गोष्टी नकोत. ती शरि, म्हणजे बरं, म्हणून आत गेली.

११ जानेवारी, गुरुवार

मद्रासच्या एका मित्राने चुन्याच्या कामासाठी माणूस पाठवला आहे. वर्समे नावाचा तरुण इंजिनियर, आफ्रिकेतल्या सोमाली देशाचा. त्यांच्या मोगादिशू शहरातली जुनी घरं समुद्रातल्या प्रवाळाच्या दगडाची, वर चुन्याचा गिलावा. आता जो तो डागडुजीला सिमेंट थापतो. सिमेंटखाली तो दगड कोंडतो, खारावतो आणि आतून भुगा होतो, असं तो सांगतो. चुन्याचं काम जिथे अजून चालतं तिथे जाऊन ते हाताने शिकायचं, म्हणून तो इकडे आला. पगार मागत नाही. फक्त राहायला जागा आणि जेवण.

माणूस ताडासारखा उंच. आमच्या चौकटीला कपाळ आपटलं, दुसऱ्यांदाही आपटलं. तिसऱ्यांदा तो कमरेत वाकून आत आला. समोर देवांच्या तसबिरी होत्या. चंद्रमतीला वाटलं नमस्कारच केला. तेव्हापासून तो तिचा लाडका. त्याला ती 'वरसामी' म्हणते.

जेवताना मात्र कमाल झाली. पानात वाढलेलं केळं त्याने सोललं, भातात कुस्करलं, त्यावर सांबार ओढलं आणि मिटक्या मारत खाल्लं. म्हणाला, "आमच्याकडे भाताबरोबर केळं हवंच." मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा चंद्रमती त्याला दुसरं केळं वाढत होती.

१५ जानेवारी, सोमवार

आज छत्रममध्ये वर्षाचं अन्नदान. पूर्वी रोज चाले, आता पोंगलच्या दुसऱ्या दिवशी तेवढंच उरलं आहे. यात आमच्या घराण्याचा एक जुना मान आहे. मोठं पातेलं चुलीवर चढलं, की पहिला डाव आमच्या घरच्या सुनेने फिरवायचा. तोवर राजा आला तरी पातेल्याला हात लावायचा नाही.

वर्समेने विचारलं, "तुमचे आजोबा घोडदळाचे सरदार होते ना? मग मान पातेल्यात का?"

मी म्हटलं, प्रत्येक देशाच्या रीती वेगळ्या असतात, बाहेरच्याला लगेच उमगत नाहीत. चंद्रमती चुलीपाशी पदर तोंडाला लावून हलत होती. धूर फार झाला होता.

२४ जानेवारी, बुधवार

काम जोरात. गवंडी रामस्वामीने शिंपल्यांचा भाजलेला चुना खड्ड्यात भिजत घातला आहे. त्यात घालायला हिरडा आणि गूळ भिजवलेलं पाणी पिंपात तयार होतंय. रामस्वामीला इंग्रजी येत नाही, वर्समेला तमिळ येत नाही. दोघे दिवसभर चुना बोटांवर चोळतात, एकमेकांना दाखवतात आणि माना हलवतात. मंडळाच्या सभेपेक्षा हे बरं चाललं आहे.

आज मी सहज पिंपातलं पाणी जिभेला लावून पाहिलं आणि सांगितलं, "गूळ कमी आहे, आणि हिरडा एक दिवस जास्त भिजलाय." रामस्वामीने चाखलं आणि गूळ आणायला माणूस पिटाळला. ही पारख मला कुठून आली देव जाणे. घरातही रसममध्ये मीठ किती पडलं ते मला ओसरीवर वासावरून कळतं. चंद्रमती म्हणते, रक्तातच आहे. खरं आहे. सेनापतीला वाऱ्यावरून शत्रूचा अंदाज येतो, त्यातलाच हा प्रकार असणार.

६ फेब्रुवारी, मंगळवार

निवडणुकीमुळे काम ठप्प. रामस्वामी सगळ्या उमेदवारांची चिन्हं भिंतींवर रंगवत हिंडतो आहे. आपल्या दरवाज्याच्या दोन्ही खांबांवर रातोरात दोन विरोधी पक्षांचे कागद चिकटले. दोन्ही उमेदवारांनी मला हात जोडून सांगितलं की दरवाजा पडू देणार नाही. म्हणजे आता खरी काळजी करायला हवी.

१२ फेब्रुवारी, सोमवार

घडलं तसं लिहितो.

सकाळी वर्समे बांबूच्या परांचीवर चढला. हातात ओलं फडकं आणि बांबूची पातळ काडी. लोखंड आकृतीला लावायचंच नाही, असा त्याचा नियम. खाली आम्ही तिघे मंडळाचे सभासद खुर्च्या टाकून बसलो होतो. मागे निम्मं गाव.

आधी मिशा निघाल्या. चांगल्या झुपकेदार. मी हनुमंतरावांकडे पाहिलं, ते आपल्या मिशांना हात लावत होते. मग पोट निघालं. जरा मोठं होतं, पण सरदार सुखवस्तू असणारच. मग कमरेचं वस्त्र निघालं. चिलखत नव्हे, धोतर, आणि तेही वर खोचलेलं. मी म्हटलं, शांततेच्या काळातलं चित्र असावं. मग पायाशी एक मोठं पातेलं निघालं.

दुपारी वर्समे हातातल्या त्या लांब वस्तूच्या टोकाशी पोचला. फुगीर भाग साफ झाला, तर आत खोलगट. चांगली वाटीएवढी खोल. त्याने फडकं पिळलं आणि बाजूला सरकला, म्हणजे आम्हाला नीट दिसावं.

गवताचा भारा घेऊन चाललेली एक बाई थांबली, वर पाहिलं आणि म्हणाली, "अड, समयलकारर." म्हणजे स्वयंपाकी. आचारी. हातात करंडी, ज्याला आपण डाव म्हणतो. एवढी माणसं एकदम हसलेली मी शाळेतही ऐकली नव्हती.

घरी येऊन जेवलो नाही. पुढच्या दाराने बाहेर पडायला तोंड उरलेलं नाही.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी हनुमंतराव आले. म्हणाले, "भीमसेनराव, रात्रभर विचार केला. आमचे सरसुभेदार ओरत्तनाडूच्या बाजूस कधी गेलेच नव्हते. तुम्ही पहिल्यापासून सांगत होतां, तुमचेंच तें म्हणून. आम्ही उगाच हट्ट केला. तुमचे पूर्वज तुम्हांस लखलाभ होवोत."

पाठोपाठ चिदंबरराव. त्यांना आठवलं की वीणेचा दांडा इतका बारीक नसतोच. त्यांनीही आकृती मला देऊन टाकली. इतकी उदार माणसं मी जन्मात पाहिली नाहीत. जाता जाता दोघांनी मंडळाचे राजीनामे ठेवले. आता मंडळात अध्यक्ष, चिटणीस आणि सभासद असा मी एकटाच. काल रघोजीराव तिघांचे होते, आज कोणाचेच नाहीत.

रामस्वामी मात्र कामावर येतो. त्याला कमान पुरी करायची आहे, कमानीवर कोण उभा आहे याच्याशी घेणं नाही.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

खोटं कशाला लिहू, आज मी गुपचूप रामस्वामीकडे गेलो. म्हटलं, त्या खोलगट भागात चुना भरून, टोक जरा निमुळतं करता येईल का? तो म्हणाला, "करूं की, सार. तलवार पाहिजे, भाला पाहिजे, बंदूक पाहिजे?" वकीलसाहेब मागे राजदंड सांगून गेले होते, चिदंबर सारांना भोपळा जरा मोठा हवा होता, असंही त्याने सांगून टाकलं. माणूस मोकळा.

वर्समे ऐकत होता. खुणांवरूनच त्याला सगळं कळलं. तो म्हणाला, "माझ्या गल्लीत प्रत्येक घर कुठल्या ना कुठल्या सुलतानाचं आहे. इतके सुलतान होते तर होड्यांचे दोर कोण वळत होतं, ते मला अजून कळलेलं नाही. तुमचा दरवाजा आहे, तुम्ही ठरवा. पण तलवार करायची तर मी आज मद्रासची गाडी पकडतो. जे नव्हतं ते कसं घालायचं, हे शिकायला मी आलेलो नाही."

मी म्हटलं, खुशाल जा. तो जाऊ लागला तर म्हटलं, आधी जेवून जा. जेवल्यावर विषय कोणी काढला नाही. डाव डावच राहिला.

१७ फेब्रुवारी, शनिवार

आज चंद्रमतीला विचारलं, की हे तुला माहीत होतं का.

ती म्हणाली, "लग्न होऊन आलें त्याच वर्षी सासूबाईंनी सांगितलें. त्यांस त्यांच्या सासूबाईंनी. पहिला डाव फिरवायचा मान आपला कां, हें सुनेस सांगावेंच लागतें."

"मग मला इतकी वर्षं कोणी बोललं कसं नाही?"

"मी तीनदां सुरू केलें. तुम्ही तीनदां गप्प केलेंत. आणि सासूबाई म्हणत, पुरुषांस तलवार लागते. असूं दे बापडी. आपणांस करंडी पुरे."

मी रागावून ओसरीवर येऊन बसलो. राग नक्की कोणावर ते ठरेना. माझ्या आईने मला तलवार खेळायला दिली होती, लहान मुलाला लाकडी बाहुली देतात तशी, आणि मी साठीपर्यंत ती खाली ठेवली नाही.

२ मार्च, शुक्रवार

साहेबांचा निरोप आला, मंगळवारी येतो. दरवाजा झाला आहे. कमान सरळ, गिलावा हाताला अंड्याच्या कवचासारखा गुळगुळीत लागतो. आता प्रश्न नाव सांगून उभं राहायचा.

बराच विचार करून भाषण लिहिलं. 'आकृती अज्ञात व्यक्तीची असून तिचे कलामूल्य मोठे आहे.' अज्ञात म्हटलं म्हणजे कोणाची लाज जात नाही. चंद्रमतीला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "इतके पायी चाललेल्यांस ज्यानें वाढलें, त्यास तुम्ही अज्ञात म्हणणार. शरि." आणि पुन्हा तांदूळ निवडू लागली. भाषण मी तसंच खिशात घातलं.

६ मार्च, मंगळवार

साहेब आले. मागून लॉरीत पंधरावीस मजूर आले, पहारींसकट. बोलल्याप्रमाणे.

चंद्रमती पहाटेच छत्रममध्ये जाऊन चूल पेटवून बसली होती. मी म्हटलं होतं, हे निरीक्षण आहे, लग्न नव्हे. तर म्हणे, छत्रमात आलेल्यास उपाशी धाडायचें कसें? भर दुपारची वेळ. मजुरांना वास लागला. त्यांनी पहारी भिंतीला टेकवल्या आणि विचारलं. तिने पानं मांडायला सांगितलं. वाढायला कोण? मंडळ म्हणजे मी. वर्समेने भाताची टोपली उचलली, माझ्या हातात सांबाराची बादली आणि डाव आला. सेनापती सार पंगतीत वाढताहेत हे पाहायला गाव पुन्हा जमलं. साहेबही दरवाज्याच्या सावलीत पायरीवर पान घेऊन बसले.

दोन घास खाऊन त्यांनी कमानीवर पाहिलं. "काम चांगलं झालंय. वर कोण आहे?"

माझ्या खिशात भाषण होतं. हातात डाव होता, त्यामुळे ते काढता येईना. मी म्हटलं, "तसं पाहिलं तर... अज्ञात..."

"अज्ञात असेल तर सरकारचं," साहेब म्हणाले. "आणि सरकारने मला त्याचं काय करायचं ते आधीच सांगितलंय. जबाबदारी घेणारं कोणी आहे का? त्या वकीलसाहेबांनी तर कळवलंय, आमचा संबंध नाही."

मजूर जेवता जेवता थांबले. वर्समे टोपली धरून उभा. मी वर पाहिलं. उन्हात मिशा, पोट, खोचलेलं धोतर सगळं स्पष्ट दिसत होतं. माणूस प्रसन्न होता. आयुष्यभर मी त्याच्याविषयी बढाया मारल्या आणि त्याच्याकडे एकदाही नीट पाहिलं नाही. मला फार वाईट वाटलं.

मी म्हटलं, "माझे आहेत. माझे खापरपणजोबा, रघोजीराव. इथले आचारी होते. दरवाजा मी सांभाळीन, माझ्यामागे माझी मुलं सांभाळतील. नाव लिहून घ्या, भीमसेनराव."

मोठ्याने बोललो असणार, कारण पार रस्त्यावरच्या माणसांनीही माना वळवल्या. मग मजुरांचा मुकादम हसत म्हणाला, "तें पाहिलें कीं कळतेंच कीं, सामी." बोलण्याच्या भरात माझा डावाचा हात वर गेला होता, अगदी त्यांच्यासारखा. सांबार मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं. मी हात खाली घेतला नाही.

साहेबांनी नाव लिहून घेतलं आणि पुन्हा सांबार मागितलं. मजुरांनी पानं उचलली, हात धुतले आणि पहारी लॉरीत नेऊन टाकल्या. मुकादम म्हणाला, साहेबांनी उलटा हुकूम दिला असता तरी आज आमच्याच्याने झालं नसतं, इथलं मीठ खाल्लं. रस्ता आता आमच्या दरवाज्यापाशी थोडं पोट काढून जाईल.

११ मार्च, रविवार

वर्समे परवा गेला. जाताना चंद्रमतीच्या पाया पडला, तो चौकटीमुळे की खरंच, हे या वेळी विचारायची गरज नव्हती. तिने त्याला वाटेला भात बांधून दिला आणि केळ्यांचा अख्खा घड. आपल्या गल्लीत दोर वळणाऱ्यांचं घर सापडलं तर कळव, असं मी त्याला सांगितलं आहे.

आज छत्रममध्ये रामस्वामीचं शेवटचं काम पाहत होतो. दर महिन्याच्या एका रविवारी तरी इथे चूल पेटवायची असं चंद्रमतीने ठरवून टाकलंय, त्यामुळे आत भात शिजत होता. इतक्यात बसमधून हनुमंतराव उतरले. भर उन्हात, डोक्यावर पंचा. बराच वेळ कमानीखाली मान वर करून उभे राहिले.

मग म्हणाले, "भीमसेनराव, तुमच्या आजोबांच्या डाव्या हातास, पातेल्यापलीकडे, एक बसलेली आकृती आहे पाहा. अजून पुरती साफ झाली नाही. पाठीशी लोड दिसतो. कोणी मोठा मनुष्य जेवावयास बसला आहे. मला वाटतें, आमचे सरसुभेदार एकदां या बाजूस आले असावेत."

मी पाहिलं. मला तो लोड तांदळाच्या पोत्यासारखा दिसला. त्यांनी दिलेला राजीनामा माझ्या जिभेवर आला. पण उन्हाने त्यांचा चेहरा लाल झाला होता, आणि भाताचा वास आल्यावर त्यांनी एकदा आत पाहिलेलं मी पाहिलं होतं.

मी म्हटलं, "या, आत बसा, पान मांडतो. तुमचे असतील तर असतील. आमच्या घराण्यात पानावर बसलेल्याला तू कोण, असं विचारायची रीत नाही."